चिखलातले होकायंत्रवाले

डिचोलीची नातवंडं मे महिन्यात पेडण्याला आली, की कोणाच्या ना कोणाच्या खिशात चुंबक असतोच. जुन्या स्पीकरमधून काढलेला, काळा, कडेचा टवका उडालेला. खाणींच्या गावची पोरं ती. शिरगाव, मये, मुळगाव, जिकडे पाहावं तिकडे डोंगर कापलेला आणि लाल माती उघडी. भूशास्त्रज्ञांनी गोव्याच्या खडकांतल्या एका अख्ख्या थरसमूहाला डिचोलीचंच नाव दिलेलं आहे. त्या मातीतून चुंबक फिरवला की थोडे काळे कण त्याला चिकटतात आणि लाल धूळ बहुतेक तशीच खाली राहते. लाल ते हेमटाइट, त्याला चुंबकाची ओढ अगदी क्षीण. चिकटतो तो मॅग्नेटाइट. लोखंड आणि प्राणवायू दोन्हींत आहेत, फरक त्यांच्या प्रमाणाचा आणि मांडणीचा.

यंदा धाकट्या नातीने विचारलं, "आजो, चुंबक कोण खातं काय रे?"

मोठा फिस्सकन हसला. मला मात्र तिचा प्रश्न फार आवडला.

खात नाहीत गे बाय, पण लोखंड पिऊन पोटात चुंबक घडवणारे आहेत. घडवून तो नुसता बाळगत नाहीत, त्याच्यावर वाट काढतात. बसा सगळे इथे पडवीत. आणि तो चुंबक माझ्या घड्याळापासून लांब ठेव.

आधी त्यांचं घर बघूया. शापोरा नदीच्या कडेने खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून ओहोटीच्या वेळी गेलात, तर मानशीपाशी, पाण्याच्या दारापाशी, एक वास येतो. नासक्या अंड्याचा. तुमची आई लहानपणी तिथून नाक दाबून पळायची. खारफुटीच्या मुळांजवळचा तो चिखल काठीने जरा उकरून बघा. वरचा पापुद्रा मातकट, तपकिरी. जाडी काही मिलिमीटर, क्वचित थोडी जास्त. त्याच्याखाली एकदम काळा. वरच्या पापुद्र्यात पाण्यातून प्राणवायू झिरपतो. तो तिथल्या जीवांनी तिथेच संपवला की खाली काही उरत नाही. खालच्या काळ्या थरात प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू गंधकावर गुजराण करतात, त्यातून तो वास सुटतो. चिखलातलं लोखंड आणि तो गंधक एकत्र आले की काळा रंग येतो.

आता या दोन थरांच्या मधे एक पट्टा असतो. प्राणवायू आहे, पण नावापुरता. खालून गंधकाचा पुरवठा, वरून प्राणवायूचा, दोन्ही थोडे थोडे. आपले होकायंत्रवाले राहतात ते या पट्ट्यात किंवा त्याच्या जरासं खाली. फार वर गेले तर प्राणवायूने पोळतात, फार खाली गेले तर उपाशी मरतात. अशा गाळात ते जगभर सापडतात, गोड्या पाण्यातही आणि खाऱ्यातही. त्यांची लांबी म्हणाल तर एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातले एक-दोन, फार तर तीन-चार.

एवढ्या लहान जीवाला पट्टा सापडणार कसा? त्याला डोळे नाहीत, नाक नाही, आणि वर-खाली कळण्याइतकं वजनही नाही. आपण पाण्यात बुडी मारली तरी खाली कुठे आहे ते शरीराला उमगतं. याच्यासाठी गुरुत्वाकर्षण असून नसल्यासारखं; पाण्याचे रेणू सगळीकडून इतके धक्के देत असतात की त्या गोंधळात वर काय आणि खाली काय. त्यात चिखल भरती-ओहोटीने ढवळला जातो, खेकडा उकरतो, तुम्ही पाय घालता. पट्टा हलतो, जीव फेकला जातो. मग घर शोधायचं कसं?

याचं उत्तर सापडलं ते भलतंच शोधताना. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाच्या राज्यात वुड्स होल म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. आपल्या दोनापावलाला समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे ना, तशी तिथेही जुनी संस्था आहे. रिचर्ड ब्लेकमोर नावाचा एक विद्यार्थी तिथल्या खाऱ्या दलदलीतला चिखल आणून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्याला हवे होते दुसरेच जिवाणू, स्प्रिंगसारखे लांबलचक. पण थेंबात काही ठिपके सगळेच्या सगळे एकाच बाजूला धावत होते आणि थेंबाच्या कडेला गर्दी करत होते.

तुम्हाला काय वाटलं असतं? "खिडकीकडे जात असतील," मोठा म्हणाला. बरोबर, त्यालाही तेच वाटलं. प्रकाशाकडे जाणारे जिवाणू असतात, हे तेव्हा माहीत होतं. म्हणून त्याने सूक्ष्मदर्शक झाकून बघितला, फिरवून बघितला, दुसऱ्या खोलीत नेऊन बघितला. ठिपके आपले त्याच दिशेला. शेवटी चुंबक जवळ आणला आणि सगळी पलटण एकदम वळली. चुंबक फिरवला की ती फिरे. १९७५ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याने हे छापलं आणि जग चकित झालं.

खरं तर जगाने बारा वर्षं आधीच चकित व्हायला हवं होतं. इटलीत पाव्हिया नावाचं जुनं विद्यापीठ आहे. तिथल्या साल्वातोरे बेल्लिनीने १९६३ मध्येच लिहून ठेवलं होतं की काही जिवाणू उत्तरेकडे पोहतात, त्यांच्या आत होकायंत्रासारखं काहीतरी असावं. पण ते लिहिलं इटालियनमध्ये, संस्थेच्या आतल्या आत फिरणाऱ्या कागदांत. वाचलं कोणी? कोणीच नाही. म्हातारपणी का होईना, त्याचं नाव पुस्तकांत आलं, एवढं त्यातल्या त्यात बरं.

मग पोटात काय होतं? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की जिवाच्या आत काळ्या स्फटिकांची एक साखळी आहे, एकामागे एक नीट ओळीत. रिचर्ड फ्रँकेल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ब्लेकमोरबरोबर काम करून १९७९ साली सिद्ध केलं की ते मॅग्नेटाइट आहे. म्हणजे डिचोलीच्या मातीतून तुमच्या चुंबकाला जे चिकटतं, तेच. गंधकाच्या चिखलातले काही जिवाणू मॅग्नेटाइटऐवजी ग्रेगाइट बनवतात. त्यात प्राणवायूच्या जागी गंधक असतो. बाकी कारागिरी तीच.

कारागिरी म्हणतो ते उगाच नाही. प्रत्येक स्फटिक साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातले एवढे. हा आकार त्यांनी असाच कसा निवडला? स्फटिक याहून लहान असता तर उष्णतेच्या धक्क्याने त्याची चुंबकता सारखी उलटसुलट झाली असती. याहून मोठा असता तर त्याच्या आत वेगवेगळ्या दिशांची दालनं पडून एकमेकांचं बळ कापलं गेलं असतं. मधल्या या आकारातच एक स्फटिक म्हणजे एक पुरा, कायमचा चुंबक होतो. माणसाला हे गणित विसाव्या शतकात कळलं. चिखलातला जीव ते कोट्यवधी वर्षं करतोय.

तरी एक स्फटिक पुरत नाही. आपल्या गोव्यात धरतीच्या चुंबकाचं बळ सुमारे ४० मायक्रोटेस्ला. तुझ्या त्या स्पीकरच्या चुंबकाच्या तोंडाशी याच्या हजारपटींहून जास्त असेल. एवढ्या अशक्त ओढीने एकटा स्फटिक पाण्याच्या धक्क्यांत भरकटला असता. पण पंधरा-वीस स्फटिक ओळीत आले की त्यांची ताकद जोडली जाते आणि धरतीची ओढ त्या धक्क्यांच्या दहापट-वीसपट होते. मग अख्खा जीव ओढीच्या रेषेत येतो. बरं, स्फटिकांना साखळीत राहायला आवडतं असंही नाही. मोकळे सोडले तर ते एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून जिवाच्या आत प्रथिनांचा एक धागा असतो, त्याला हे स्फटिक बांधलेले असतात.

"आजो, मेला तर?" मेला तरी वळतो! हे लक्षात ठेवा. धरतीचा चुंबक त्याला फक्त वळवतो, ओढून कुठे नेत नाही. मेलेला जीव सुईसारखा उत्तर-दक्षिण होऊन तिथेच तरंगतो. पोहायचं काम जिवंताचं. त्याच्या अंगाला शेपटीसारखे बारीक धागे असतात, ते मुळाशी फिरतात आणि तो पुढे सरकतो. खाऱ्या पाण्यातले काही गोल जिवाणू सेकंदाला शंभर मायक्रोमीटर आणि त्याहूनही जोरात जातात. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या पन्नास-शंभर पट, एका सेकंदात. मांडवीत एवढ्या वेगाची फेरीबोट अजून आलेली नाही.

आता खरी गंमत. त्यांना उत्तरेला काय काम? उत्तरेला काही खाऊ ठेवलाय का?

होकायंत्राची सुई आडवी असते असं आपल्याला वाटतं, कारण ती तशी बसवलेली असते. तिला मधोमध दोऱ्याने मोकळी टांगली, तर ती उत्तरेकडे तोंड करून खाली झुकते. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेला आहोत, म्हणून धरतीच्या चुंबकाच्या रेषा आपल्याकडे तिरक्या जमिनीत शिरतात. जितकं उत्तरेला जाल तितकी तिरपी जास्त. वुड्स होलला ती सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ उभीच. तिथल्या जिवाणूला 'उत्तरेला चल' म्हणणं म्हणजे 'खाली चल' म्हणणं. खाली चिखल, चिखलात पट्टा, पट्ट्यात घर. बिचाऱ्याला उत्तर दिशेशी काही देणंघेणं नाही, त्याला तळ हवा आहे.

हे खरं असेल तर विषुववृत्ताच्या पलीकडे उलटं दिसायला हवं, हो की नाही? तिथे रेषा जमिनीतून वर येतात. उत्तरेला गेलं की वर जाणार, दक्षिणेला गेलं की खाली. ब्लेकमोर आणि त्याचे सोबती न्यूझीलंड आणि तस्मानियाला गेले, तिथला चिखल बघितला. तिथले जिवाणू दक्षिणेला पोहत होते. हे १९८० साली छापून आलं. मग ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात गेले, तिथे तेव्हा रेषा जवळजवळ आडव्या होत्या. तिथे उत्तरवाले आणि दक्षिणवाले साधारण सारखेच. शास्त्रात इतकी सुबक गोष्ट क्वचित जमते.

आपल्या देशातही केरळ-तामिळनाडूच्या टोकाकडे रेषा अशाच जवळजवळ आडव्या असतात. थुंब्याला अग्निबाण उडवायला जागा निवडली, ती याच कारणाने. आणि रेषांची तिरपी रोज मोजत बसणारी माणसं आपल्या कोकणात आहेत, ठाऊक आहे? मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८४१ पासून धरतीचा चुंबक मोजत होती. पुढे मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने सुया थरथरणार, सगळी मोजमापं वाया जाणार. तेव्हा नानाभाई मूस हे वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांनी सगळा कारभार अलिबागला हलवला. तिथली इमारत बांधताना लोखंड टाळलं, दगडसुद्धा चुंबकता नसलेला निवडला. १९०४ पासून तिथे नोंदी चालू आहेत. ट्राम धावली ती १९०७ साली. वीज आणि चुंबक यांच्या भांडणात माघार घेऊन इतकं काही वाचवणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

अलिबागला सुई २६ अंशांच्या आसपास झुकते. आपण त्याच्या दक्षिणेला, म्हणून आपल्याकडे तिरपी आणखी कमी, वीस अंशांच्या आतबाहेर. मोठ्या, तू आता साइन-कोसाइन शिकतोस ना? मग कर बघू. पेडण्याचा जिवाणू रेषेवरून एक सेंटीमीटर पोहला, तर खाली किती गेला? जेमतेम साडेतीन मिलिमीटर. वुड्स होलचा जिवाणू तेवढ्याच पोहण्यात नऊ मिलिमीटरांहून खाली पोचतो. म्हणजे आपल्याकडच्याला तीच खोली गाठायला जवळजवळ तिप्पट पोहावं लागतं.

"मग कशाला पोहतो तसा?"

याच प्रश्नाने शास्त्रज्ञांनाही सतावलं. 'उत्तर म्हणजे खाली' एवढंच सगळं असतं, तर फोर्तालेझाच्या जिवाणूंनी चुंबक केव्हाच टाकून दिला असता. स्फटिक फुकट बनत नाहीत. या जिवांच्या कोरड्या वजनातला दोन-तीन टक्के भाग लोखंडाचा असू शकतो, साध्या जिवाणूच्या शंभर पटींहून अधिक. एवढं लोखंड गोळा करायचं म्हणजे खर्चाचं काम. आणि डिचोलीच्या डोंगरात ढीग पडलाय म्हणून त्याचा उपयोग नाही. गंजलेलं लोखंड पाण्यात विरघळत नाही. खालच्या काळ्या थरातले दुसरे जिवाणू आधी ते विरघळवतात, तेव्हा याला मिळतं. मांडवी-जुवारीच्या गाळाची चुंबकता दोनापावलाच्या संस्थेतल्या संशोधकांनी मोजली, तेव्हा तिच्यात खनिजाच्या ने-आणीचा मोठा वाटा दिसला. बार्जांतून सांडलेली ती धूळ चुंबकाला चिकटेल, पण आपल्या जिवाणूचं पोट तिने थेट भरत नाही.

तर प्रश्न उरतोच, की मग चुंबक हवा कशाला? १९९७ साली फ्रँकेल आणि त्याच्या सोबत्यांनी एक प्रयोग छापला. बारीक काचनळीत हे जिवाणू भरले, एका टोकाने हवा आत जाऊ दिली. काही वेळाने नळीत एका ठरावीक जागी पांढुरका पट्टा दिसला. सगळे जिवाणू तिथे जमले होते, जिथे प्राणवायू त्यांना हवा तेवढाच होता. पट्ट्याच्या हवेकडच्या बाजूला गेलेला जीव एका दिशेने पोहून परत येई, दुसऱ्या बाजूला गेलेला उलट दिशेने. म्हणजे पुढे जायचं की मागे, हे प्राणवायू ठरवत होता. चुंबक फक्त रेषा पकडून देत होता.

तुम्ही रात्री वीज गेली की माडीवरून खाली कसे उतरता? कठड्याला हात लावून. कठडा काही तुम्हाला खाली नेत नाही, वरही नेत नाही. भूक लागली तर खाली जाता, झोप आली तर वर. कठडा एवढंच करतो की इकडेतिकडे चाचपडू देत नाही. चुंबकाचं काम तेवढंच. कठडा नसलेले साधे जिवाणू थोडं पोहतात, गिरकी घेतात, अंदाजाने पुन्हा पोहतात. त्यांना चहूबाजूंना शोधावं लागतं. आपल्या होकायंत्रवाल्यांना एकाच रेषेवर पुढे-मागे करायचं असतं. रेषा तिरपी असली तरी शोध सोपाच.

आता ब्लेकमोरची ती खिडकी आठवा. प्रकाशाचा संबंध नाही म्हणून त्याने तो बाजूला ठेवला. त्याच्या थेंबापुरतं ते बरोबरच होतं. पण प्रकाश या गोष्टीतून पुरता बाहेर गेला नाही. त्याच काचनळीच्या जिवाणूंवर निळा प्रकाश टाकला, तेव्हा ते प्राणवायू एकदम वाढल्यासारखे वागले. पट्टा सोडून प्राणवायू नसलेल्या बाजूला निघाले. तांबड्या प्रकाशाने तसं होईना. निळ्या प्रकाशात आणि प्राणवायूत पेशीला पोळणारी रसायनं तयार होतात. शिवाय ज्याच्यावर ऊन पडतं तो चिखलाच्या वर उघडा पडलेला असणार. दोन्ही बाजूंनी सल्ला एकच, खाली पळ.

सगळेच मात्र हा सल्ला ऐकत नाहीत हं. २०११ साली चीनमधल्या संशोधकांनी मॅग्नेटोस्पिरिलम नावाच्या जिवाणूच्या एका वाणाची परीक्षा घेतली. तो चक्क प्रकाशाकडे गेला. चुंबकाची रेषा आडवी ठेवली, उलटी ठेवली, अजिबात काढून टाकली, तरी प्रकाशाकडेच. म्हणजे एकाच्या अंगात चुंबक आणि प्रकाश यांची कामं वेगवेगळी, दुसऱ्याच्या अंगात ती एकमेकांत गुंतलेली. निसर्गाला एकच नियम सगळ्यांना लावायची सवय नाही.

त्याच वर्षी याहून विचित्र बातमी आली, तीही वुड्स होलच्या जवळच्या दलदलीतून. तिथे एक प्रकार असा सापडला की तो एकटा जिवाणू नव्हेच. दहा ते चाळीस पेशी एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या, मधे पोकळी. एकटी पेशी म्हणून तो कधीच राहत नाही. वाढला की अख्ख्या गोळ्याचे दोन गोळे होतात. आणि हे गोळे उत्तर गोलार्धात असून दक्षिणेला पोहत होते! म्हणजे वर. मग त्यांच्यावर प्रकाश पाडला. थोड्या वेळाने सगळे उलटले आणि उत्तरेला निघाले. म्हणजे खाली. कुठल्या रंगाचा प्रकाश आणि किती तेज, यावर उलटायला लागणारा वेळ अवलंबून. जास्त वेळ उजेडात ठेवले तर मेले. अंधारात वर येणारा आणि उजेड दिसला की तळ गाठणारा जीव.

उत्तर गोलार्धात दक्षिणवाले सापडायची ही पहिली वेळ नव्हती. २००६ सालीच त्याच भागातल्या एका तळ्यात असे पुष्कळ जिवाणू सापडले होते. फोर्तालेझा आणि न्यूझीलंडची ती सुबक गोष्ट तिथे जरा फाटली. मला तर ती फाटल्यावर जास्त आवडायला लागली.

दक्षिणवाले थोडेफार सगळीकडे असतात, त्याचं कारण त्यांच्या जन्मात आहे. जिवाणू दुभागतो तेव्हा साखळीही मधे तुटते, अर्धी एका लेकीला, अर्धी दुसरीला. उरलेली अर्धी जिने तिने स्वतः घडवायची. नवे स्फटिक जुन्यांच्या शेजारी वाढतात आणि त्यांचीच दिशा उचलतात, म्हणून आई उत्तरवाली तर लेक बहुधा उत्तरवाली. पण क्वचित वाटणी बिघडते आणि एखादी उलट्या दिशेची निपजते. एरवी ती प्राणवायूत जाऊन मरते. प्रयोगशाळेत मात्र चिखलाच्या बरणीभोवती चुंबकाची दिशा उलटी करून ठेवली, तर काही आठवड्यांत बरणीभर उलट्यांचंच राज्य होतं. धरतीचा चुंबकही असा मधूनमधून उलटतो. मागच्या वेळी उलटला त्याला सुमारे ७ लाख ८० हजार वर्षं झाली. उलटून उलटून थकला असेल, पण हे चिखलातले लोक संपले नाहीत.

आणि एक दुष्टपणा सांगतो. वुड्स होललाच आद काल्माइन नावाच्या शास्त्रज्ञाने ब्लेकमोरबरोबर या जिवाणूंना जोरदार चुंबकाचा क्षणभराचा झटका दिला. पोटातल्या साखळीचे उत्तर-दक्षिण अदलाबदल झाले. जीव जिवंत, धडधाकट, पण उत्तर समजून आता दक्षिणेला पोहायला लागला. म्हणून म्हणतो, तो स्पीकरचा चुंबक बरणीला घासत बसू नका.

"आजो, मोरजीच्या कासवांच्या पोटातपण हेच असतं?"

बघा, हिचं डोकं कुठे गेलं! मोरजी आणि मांद्रे, आपल्याच पेडणे तालुक्यातले किनारे. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालतात, वन खातं राखण करतं. पिल्लं रात्री वाळूतून निघतात ती उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे. म्हणून तर किनाऱ्यावरचे दिवे त्यांना भुलवतात. आणि समुद्री कासवांना चुंबकाची दिशा कळते, हे लॉगरहेड जातीच्या पिल्लांवर केनेथ लोमन यांनी फ्लोरिडात हौदात दाखवलं. भोवतीच्या चुंबकाची दिशा उलटवली की पिल्लं उलटी पोहत. पण त्यांचं होकायंत्र अंगात नक्की कुठे बसलंय, यावर अजून वाद चालू आहे. काही शास्त्रज्ञ म्हणतात, कदाचित प्राण्याच्या अंगात हेच जिवाणू भाडेकरू असतील आणि तेच दिशा सांगत असतील. बाकीचे म्हणतात, दाखवा तर खरं.

कासवाचं ठरायचंय, पण एका लहान जीवाचं ठरलंय. २०१९ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी भूमध्य समुद्रातल्या गाळातून एक एकपेशीय जीव काढला, जिवाणूहून कितीतरी मोठा. तो चुंबकाच्या रेषेने पोहत होता, पण त्याच्या स्वतःच्या पोटात चुंबक नव्हता. त्याच्या अंगावर बाहेरून जिवाणू चिकटले होते, सगळे एकाच दिशेला लांबट रांगेत, आणि प्रत्येकाच्या आत साखळी. पोहणारा हा, होकायंत्र त्यांचं. आणि त्या जिवाणूंना स्वतःची शेपटी नाही, त्यामुळे ते याच्यावाचून कुठे जाणार?

झालं? नाही? बरं, मग उद्या ओहोटीला मोठ्या माणसाबरोबर जा. एकटं कोणी खाजनात उतरायचं नाही, चिखल पाय धरतो. काचेच्या बरणीत एक तृतीयांश चिखल घ्या, वर तिथलंच पाणी. झाकण सैल ठेवून बरणी घरात अंधाऱ्या, थंड जागी काही दिवस न हलवता ठेवा. मग चुंबकाचं एक टोक चिखलाच्या किंचित वर, बाहेरून टेकवून अर्धा-एक तास ठेवा. टोक कुठलं? होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक ज्याच्याकडे ओढलं जातं ते. त्याच जागचं पाणी ड्रॉपरने उचला, काचपट्टीवर एक थेंब टाका, आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून थेंबाची कड बघा. चुंबक हातभर लांबून हळूहळू जवळ आणा आणि मग त्याची टोकं उलटी करा. धूळ असेल तर ती जागची हलणार नाही किंवा चुंबकाकडे सरकेल. जीव असतील तर कड सोडून दुसऱ्या कडेला धावतील. काही दिसलं नाही तर बरणी आणखी आठ-दहा दिवस ठेवा, जिवाणू जमायला वेळ लागतो.

नंतर हात साबणाने धुवा. आणि बरणी शाळेत न्यायची असेल तर झाकण वाटेत घट्ट, वर्गात शिरायच्या आधी बाहेर अंगणात उघडून ठेवा. आतच उघडलीत आणि बाईंनी विचारलं हा वास कसला, तर माझं नाव सांगू नका.